शेवटच्या गाडीचा आवाज

दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या काही मराठी घरांत वाळवंटाच्या सहलीचे बेत सुरू होतात. हवा गार झालेली असते, थँक्सगिव्हिंगची सुट्टी जोडून मिळते आणि पाच-सहा कुटुंबं आपापल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या घेऊन मोहावी रोडसारख्या कच्च्या वाटेला लागतात. पाणी किती न्यायचं, टायरमधली हवा किती कमी करायची, थेपले कोण करणार, हे चटकन ठरतं. घोडं अडतं ते एकाच प्रश्नावर: गाडीत रेडिओ कोणता बसवायचा? एक म्हणतो, माझ्या जुन्या जीपमध्ये सीबी आहेच, तुम्हीही तोच घ्या. दुसऱ्याला हॅमखेरीज बाकी सगळा पोरखेळ वाटतो. तिसऱ्याला डिजिटल हवा असतो. चौथा म्हणतो, फोन आहेत की सगळ्यांकडे!

माझं मत आधीच सांगून टाकतो. कुटुंबांच्या काफिल्यासाठी प्रत्येक गाडीत जीएमआरएस असावा, आणि तोही साधा, ॲनालॉग एफएम. माझ्याकडे स्वतःचा हॅमचा परवाना आहे आणि तो छंद मला मनापासून आवडतो, तरीही माझं मत हेच आहे. कारण रेडिओ निवडायचा तो सगळ्यांत पुढच्या गाडीतल्या तज्ज्ञासाठी नव्हे, तर सगळ्यांत मागच्या गाडीतल्या नवख्यासाठी.

मोहावी रोड कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेला सुमारे १४० मैल जातो. बहुतेक जण तो दोन-तीन दिवसांत करतात. वाटेत पेट्रोल नाही, आणि फोनला बऱ्याच भागात सिग्नल नाही. पुढच्या गाडीचा धुरळा बसेपर्यंत मागच्याला समोरचं दिसत नाही, म्हणून गाड्यांत अंतर ठेवावं लागतं आणि सहा गाड्यांची रांग मैल-दोन मैल लांबते. अशा वेळी शेवटची गाडी मऊ वाळूत रुतली, तर पुढच्यांना कळणार कसं? नव्या फोनवरून उपग्रहामार्फत मदत मागता येते, आणि ती सोय जवळ असावीच. पण ‘जरा थांबा, आम्ही अडकलोय’ हे दोन मैलांवरच्या मित्राला सांगायला रेडिओच हवा.

आता एकेक पर्याय पाहू. सीबीला परवाना लागत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण तो २७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ११ मीटर लांबीच्या लहरींवर चालतो. त्याचा पाव लहरीचा अँटेना पावणेतीन मीटरच्या घरात जातो. गाडीवर आपण आखूड अँटेना लावतो आणि तिथेच बरीच ताकद गमावतो. एएम ध्वनी फक्त ४ वॉटचा, त्यात इंजिनाची खरखर मिसळते. २०२१ मध्ये सीबीवर एफएमलाही परवानगी मिळाली, पण जुन्या सेटना त्याचा उपयोग नाही. म्हणजे ‘आहेच तर वापरू’ हा मुद्दाही टिकत नाही.

हॅमची ताकद आणि पल्ला वादातीत आहे. टेक्निशियन परवान्यासाठी ३५ पैकी २६ प्रश्न बरोबर यावे लागतात. आपल्याकडच्या इंजिनिअरांना ते जड नाही, आणि त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्वही लागत नाही. अडचण वेगळी आहे. हा परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. परवानाधारक शेजारी बसून लक्ष ठेवत असेल तरच दुसऱ्याला बोलता येतं. म्हणजे बाबा वाट बघायला गाडीतून उतरून पुढे गेले, की गाडीत उरलेली आई आणि मुलं नियमाने मुकी. जिवावर बेतलं तर नियम आड येत नाही, हे खरं. पण रोज न वापरलेलं यंत्र नेमकं त्याच वेळी हाताळता येत नाही.

डिजिटलबद्दल तर मी जास्तच सावध आहे. डीएमआर, डी-स्टार आणि फ्यूजन या तिन्ही पद्धतींना एकमेकींची भाषा कळत नाही. डीएमआरमध्ये चॅनेलबरोबर कलर कोड, टाइम स्लॉट आणि टॉकग्रुपही जुळावे लागतात. एका सेटमध्ये एक आकडा चुकला की ती गाडी बहिरी. शिवाय डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ येतो आणि मग एकाएकी तुटतो. ॲनालॉगमध्ये आधी खरखर वाढते, म्हणजे अंतर वाढतंय हे आपोआप समजतं, आणि त्या खरखरीतूनही ओळखीच्या माणसाचे शब्द कान वेचून घेतो. जीएमआरएसवर डिजिटल आवाजाला मुळात परवानगीच नाही. कुटुंबांच्या सहलीसाठी मला ती उणीव वाटत नाही.

राहिला जीएमआरएस. याला परीक्षा नाही, फक्त ३५ डॉलर फी, आणि परवाना १० वर्षांचा. अर्ज करणारा १८ वर्षांचा हवा, पण त्याच परवान्यावर घरातली लहान मुलंही बोलू शकतात. नियमातली कुटुंबाची यादी तर वाचण्यासारखी आहे: जोडीदार, मुलं, नातवंडं, आईवडील, आजी-आजोबा, भाऊ-बहिणी, काका-मामा-मावश्या, पुतणे-भाचे आणि सासरची मंडळी! अमेरिकन कायद्यात आपलं एकत्र कुटुंब असं क्वचितच सापडेल. चुलत-मावस भावंडं मात्र यादीत नाहीत, आणि मित्र तर नाहीतच, म्हणून प्रत्येक घराने आपापला परवाना काढावा.

मुख्य चॅनेलांवर ५० वॉटपर्यंत शक्ती वापरता येते. पाव लहरीचा अँटेना जेमतेम १६ सेंटिमीटरचा, त्यामुळे तो छतावर नीट बसतो. उंच डोंगर आड आला तर तोही हतबल होतो, हे विसरू नये. पण आपल्याला मागच्या गाडीपर्यंत पोचायचं आहे, पुढच्या राज्यात नाही. जो नवा पाहुणा आयत्या वेळी येईल, त्याच्या हातात दुकानातला एफआरएस वॉकीटॉकी द्यावा. त्याला परवाना लागत नाही आणि त्याचे २२ चॅनेल जीएमआरएसशी जुळतात. त्याची कमाल शक्ती २ वॉट, म्हणून ती गाडी रांगेच्या मधे ठेवावी. आणि ‘प्रायव्हसी कोड’ सगळ्यांनी बंद ठेवावेत. नाव काहीही असलं तरी त्याने बोलणं गुप्त होत नाही, उलट कोड न जुळणाऱ्या आपल्याच माणसाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही.

आता भाषेचं. रेडिओवर मराठीत खुशाल बोलावं. नियम एवढाच, की जीएमआरएसवर दर १५ मिनिटांनी आणि बोलणं संपताना आपलं कॉल साइन इंग्रजीत सांगायचं. पण आपल्या भाषेची एक खोड इथे जपावी लागते. मराठीत नकार शेवटी येतो. ‘थांबू नकोस’ म्हणताना बटण जरा लवकर सुटलं, तर समोरच्याला ‘थांबू’ एवढंच ऐकू येतं. म्हणून दोनच शब्द ठरवून घ्यावेत: ‘थांब’ आणि ‘चल’. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावं, नाहीतर पहिलं अक्षर गळतं. खडकातून गाडी काढताना वाट दाखवणारा आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याची डावी ती आपली उजवी. तिथे ‘ड्रायव्हरकडे’ आणि ‘पॅसेंजरकडे’ हेच शब्द बरे.

इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना हे काम सोपवावं असं मला वाटतं. शेवटच्या गाडीतल्या बारा वर्षांच्या मुलीने दर फाट्यावर ‘आम्ही वळलो, मागे कुणी नाही’ असं सांगायचं. हे मराठी वाक्य कुणी पाठांतरासाठी दिलेलं नाही, त्यावर पाच गाड्या पुढे निघणार आहेत. मुलं अशा वेळी भाषा विसरत नाहीत. हॅमचा हट्ट धरला तर हेच काम तिच्याकडून आपण काढून घेतो.

एक सूचना: सुट्टीत भारतात जाताना हे सेट भाच्याला भेट म्हणून नेऊ नका. तिथे परवान्याविना खुला असलेला वॉकीटॉकीचा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा आहे, आणि आपले सेट ४६२ व ४६७ वर चालतात.

हॅमप्रेमींनी रागावू नये. काफिल्यात एक-दोन गाड्यांत हॅम असेल तर उत्तमच, दूरवर निरोप पोचवायला तो कामी येईल. पण तो जीएमआरएसच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नव्हे. यंदा निघण्याआधी पार्किंगमध्ये दहा मिनिटं काढा, सगळे सेट एका चॅनेलवर आणा आणि पहिली हाक शेवटच्या गाडीतून, घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला द्यायला सांगा. ती पहिल्या गाडीत स्पष्ट ऐकू आली, की मगच गाड्या सुरू करा.