सोमाची गोळी आणि हरवलेला प्रश्न

ऑल्डस हक्सले या इंग्रज लेखकाची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी १९३२ साली आली. तिच्यात पुढच्या काळातलं एक राज्य आहे. तिथे मुलं आईच्या पोटी नाही, बाटलीत वाढतात आणि बाटलीतच त्यांची जात ठरते. अल्फा सगळ्यात वर, एप्सिलॉन सगळ्यात खाली. खालच्यांना मुद्दाम कमी ऑक्सिजन देतात, म्हणजे मेंदू खुंटावा आणि त्यांनी निमूट राबावं. जात कशी घडवतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण माझ्यासारख्या नर्सला त्यातली गोळी जास्त अस्वस्थ करते.

तिचं नाव सोमा, वेदातल्या सोमावरून घेतलेलं. वाईट वाटलं, राग आला की सोमा घ्यायची. दुसऱ्या दिवशी डोकंही जड होत नाही. ही गोळी कुणी चोरून विकत नाही, राज्यच वाटतं. खालच्या जातीच्या कामगारांना पाळी संपली की ती मोजून हातात मिळते. एकदा जॉन नावाचा तरुण त्या गोळ्या खिडकीबाहेर फेकतो, तर कामगार त्याच्यावरच धावून जातात. पोलीस येतात आणि सोमाची वाफ फवारतात. थोड्या वेळात सगळे शांत.

जॉनची आई लिंडा. वय ४४. डॉक्टर तिला हवी तितकी सोमा देतो. श्वासाचं केंद्र बंद पडून ती एक-दोन महिन्यांत जाईल, हे त्याला ठाऊक असतं. इथे मी पुस्तक मिटलं. दारूवर झोपेच्या गोळ्या घेतलेल्या माणसाचा श्वास कसा मंदावतो, ते मी रात्रपाळीत पाहिलंय.

कुणी म्हणेल, माणसं सुखात आहेत, मग बिघडलं काय? माझं उत्तर असं. राग आणि दुःख हे तापासारखे असतात. ताप उतरवला पण कशानं आला ते पाहिलं नाही, तर रोग आत वाढतो. सोमा दुःख घालवत नाही, ‘माझ्यावर ही वेळ का आली?’ हा प्रश्न घालवते.

पाचवं शील आपण म्हणतो ते दारूपुरतं धरू नका. ‘सिस्टर, झोप येत नाही, एखादी गोळी द्या ना,’ असं बाया मला म्हणतात. विचारलं की कळतं, नळाला पाणी रात्री दोनला येतं, डोक्यावर कर्ज आहे, नवरा मारतो. यातलं काहीही गोळीनं सुटत नाही. त्यासाठी चार बायांनी एकत्र यावं लागतं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. मानसिक आजाराचं औषध म्हणजे सोमा नव्हे. सोमा सगळ्यांना गप्प करायला असते. औषध आजारी माणसाला तपासून, मोजून दिलेलं असतं, तो पुन्हा उभा राहावा म्हणून. ते लाजून सोडू नका. झोपेची गोळी बरेच महिने चालू असेल तर एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करा. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणू नका, दारूसोबत तर कधीच नाही. मन फार जड झालं तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर लावा.

आणि गोळीकडे हात जाईल तेव्हा आधी स्वतःला विचारा: मला आजार आहे, की माझ्यावर अन्याय होतोय? आजार असेल तर दवाखान्यात या. अन्याय असेल तर बैठकीला या. दोन्ही असेल तर दोन्हीकडे या.