उलटीची सुई घेतली अन् मान वाकडी झाली: घाबरू नका, पण गप्पही बसू नका

घनसावंगी | विशेष विश्लेषण

पावसाळा लागला की आपल्या तालुक्यात उलट्या-जुलाबाचे पेशंट वाढतात. घनसावंगी असो, तीर्थपुरी असो की कुंभार पिंपळगाव, दवाखान्याच्या बाकड्यावर जागा मिळत नाही. पेशंट आला की सलाईन लागते, सलाईनमध्ये उलटीचं इंजेक्शन जातं, उलटी थांबते आणि माणूस घरी जातो. शंभरातल्या बहुतेकांचं असंच होतं.

पण एखाद्याचं तसं होत नाही. उलटी थांबते, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, त्या पोराची मान एका बाजूला ओढली जाते. डोळे वर फिरतात, खाली येता येत नाहीत. जबडा आवळतो, जीभ वळते, बोलणं अडखळतं. आई रडायला लागते. कुणी म्हणतं फिट आली, कुणी म्हणतं धनुर्वात झाला, कुणी म्हणतं बाहेरचं लागलं. अन् कुणीतरी मोबाइल काढून व्हिडिओ करतं, "डॉक्टरनं चुकीची सुई मारली."

या चारही बोलण्यांत खरं कारण बहुतेक वेळा नसतं. ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण कारण चुकलं की पुढचा उपायही चुकतो.

नेमकं होतं काय?

उलटीवर आपल्याकडे तीन-चार औषधं जास्त चालतात. मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म, रेगलान या नावांनी मिळतं), ऑन्डॅनसेट्रॉन (एमसेट, ओंडेम), डॉमपेरिडोन (डोमस्टाल) आणि प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल). यातलं मेटोक्लोप्रमाइड जुनं, स्वस्त आणि कामाचं औषध आहे. १९६० च्या दशकापासून जगभर वापरात आहे.

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. उलटीचा संदेश त्याच्यामार्फत जातो, म्हणून हे औषध त्याला अडवतं. पण तेच रसायन हातापायांच्या, मानेच्या, डोळ्यांच्या हालचालीचा तोलही सांभाळतं. काही जणांत औषध तिथंही अडथळा करतं आणि स्नायू आपोआप आखडतात. डॉक्टरी भाषेत याला 'डिस्टोनिया' म्हणतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेल्या माहितीपत्रकात मोठ्या माणसाला नेहमीचा डोस दिला तर साधारण ५०० त एकाला असं होतं, असं लिहिलेलं आहे. लहान मुलं आणि तिशीच्या आतले तरुण यांच्यात हे प्रमाण जास्त असतं. बहुतेक वेळा औषध दिल्यापासून २४ ते ४८ तासांच्या आत हे दिसतं.

म्हणजे औषध खरं, डोसही बरोबर, देणारा डॉक्टरही शिकलेला, तरी हे होऊ शकतं.

दुसरा प्रकार माणसाला जास्त छळतो. इंजेक्शन शिरेत भरकन ढकललं की काही मिनिटांत पेशंट बेचैन होतो. बसवत नाही, झोपवत नाही, जीव नकोसा होतो, सलाईन उपटून पळून जावंसं वाटतं. नातेवाईक म्हणतात, "नाटकं करतोय." सिस्टर म्हणते, "गप पडून रहा." खरं तर तीही औषधाचीच रिॲक्शन असते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की हे इंजेक्शन शिरेतून द्यायचं तर कमीत कमी ३ मिनिटं लावून हळू द्या, ५ दिवसांपेक्षा जास्त देऊ नका आणि एक वर्षाखालच्या बाळाला देऊच नका. गर्दीच्या दवाखान्यात तीन मिनिटं एका पेशंटजवळ थांबायला वेळ नसतो, ही आपल्याकडची अडचण. ती अडचण खरी आहे, पण त्याची किंमत पेशंट मोजतो.

फिट, धनुर्वात की रिॲक्शन?

घरच्यांनी काही गोष्टी बघायच्या. औषधाने मान आखडली असेल तर पेशंट शुद्धीत असतो. त्याला सगळं ऐकू येतं, हाक मारली की कळतं, फक्त बोलता येत नाही. मोठ्या फिटमध्ये बहुतेक वेळा शुद्ध जाते. धनुर्वाताला मागे जखम असते आणि तो दिवसांनी वाढत जातो. म्हणून डॉक्टरला पहिली गोष्ट सांगायची, "कालपासून उलटीचं औषध चालू आहे." हे एक वाक्य सांगितलं तर निदान मिनिटांत होतं. नाही सांगितलं तर फिटची तपासणी, डोक्याचा सिटी स्कॅन आणि अंबड, जालना, संभाजीनगर अशी गाडी फिरत राहते.

आणि बाहेरचं लागलं म्हणून लिंबू-धागा करत बसायचं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट, ज्या त्रासावर दवाखान्यात उतारा आहे त्यावर रात्र घालवणं म्हणजे त्या लेकराला फुकट हाल सोसायला लावणं.

उतारा आहे, आणि तो महाग नाही

यावर इलाज साधा आहे. प्रोमेथाझिनसारखं (फेनर्गन) औषध किंवा तशाच गटातलं दुसरं इंजेक्शन दिलं की बहुतेक पेशंटची मान अर्ध्या तासाच्या आत सैल होते. पण इथं दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, हे इंजेक्शन मेडिकलवरून आणून कंपाउंडरकडून टोचून घ्यायचं नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन देत नाहीत, आणि ते चुकून धमनीत गेलं किंवा शिरेबाहेर सांडलं तर हाताला गँगरीनपर्यंत इजा होऊ शकते. दुसरी, बरं वाटलं म्हणून लगेच घरी पळायचं नाही. उतारा लवकर ओसरतो, मूळ औषध अंगात अजून असतं, त्यामुळे आखडणं परत येऊ शकतं. डॉक्टर दोन-तीन दिवसांच्या गोळ्या देतात त्या पूर्ण घ्यायच्या, आणि जे औषध बाधलं ते परत घ्यायचं नाही.

हे त्रास बघायला भयंकर असले तरी बहुतेक वेळा जीवघेणे नसतात. पण श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, गळा आवळल्यासारखं वाटत असेल, तर एक मिनिट न घालवता १०८ ला फोन करा.

अंगावर गांध्या, ओठ-तोंड सुजणं, धाप लागणं, चक्कर येऊन पडणं ही वेगळी गोष्ट आहे. ती ॲलर्जी. तिच्यावर फेनर्गन पुरत नाही, मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं आणि तेही ताबडतोब. आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो, 'रिॲक्शन'. म्हणून नुसतं "रिॲक्शन आली" न सांगता काय दिसलं ते सांगा.

मग राग कुणावर काढायचा?

लोकांचा औषधांवरचा विश्वास का उडाला, याला कारणं आहेत. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोग बसला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी सिरपने लहान मुलांचे जीव गेले. त्यातल्या कितीतरी लेकरांवर आपल्या नागपुरात उपचार चालले होते. डिसेंबर २०२४ मध्ये तर शेजारच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाला बनावट गोळ्या पुरवल्याचं प्रकरण बाहेर आलं.

पण औषध बनावट असणं, डॉक्टरने हलगर्जी करणं आणि चांगलं औषध एखाद्याला न मानवणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हीचा रस्ता वेगळा आहे.

औषध नकली किंवा खराब वाटलं तर बाटली, पट्टी, बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या नंबरवर तक्रार करा. बाटली फेकली की पुरावा गेला.

हलगर्जी वाटत असेल, म्हणजे आधी सांगूनही तेच औषध दिलं किंवा मान आखडल्यावर कुणी बघायलाच आलं नाही, तर केसपेपर मागा. कागदपत्रं मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तसं सांगितलं आहे, आणि डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीत मागितल्यापासून ७२ तासांत नक्कल द्यावी असं आहे. पैसे भरून उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ पासून तो मार्ग मोकळा केला आहे.

दवाखाना फोडणं हा मार्ग नाही. राज्याच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. आणि तालुक्यात रात्री सापडणारे डॉक्टर आधीच मोजके. एकाला मारहाण झाली की दुसरा रात्री दार उघडत नाही. नुकसान शेवटी आपलंच.

आणि औषध नुसतं मानवलं नाही, तर तिसरा रस्ता आहे. तो जवळपास कुणालाच माहीत नाही.

सरकार मोजतंय, पण आपण सांगतच नाही

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये 'फार्माकोव्हिजिलन्स' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्याचं काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. डॉक्टर, सिस्टर, मेडिकलवाले तर कळवू शकतातच, पण पेशंट स्वतः किंवा नातेवाईकही कळवू शकतात. टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४. कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळेत लावायचा. ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. नाव गुप्त राहतं, आणि कळवलं म्हणजे कुणावर केस झाली असं होत नाही.

कळवून काय फायदा? आपल्या पोराची मान तर सैल झालेलीच असते. फायदा पुढच्याला होतो. अशा नोंदी साठत गेल्या म्हणूनच अमेरिकेने २००९ मध्ये मेटोक्लोप्रमाइडच्या माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला, की तीन महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नका, तोंडाच्या आणि जिभेच्या आपोआप हालचालींचा कायमचा विकार जडू शकतो. डॉमपेरिडोनवर युरोपने २०१४ मध्ये मर्यादा घातल्या, कारण हृदयाचे ठोके बिघडल्याच्या नोंदी होत्या, विशेष करून साठीच्या पुढच्या माणसांत. तिथं ते साधारण एका आठवड्यापुरतं देतात. आपल्याकडे पित्ताच्या ज्या गोळ्या लोक सकाळी चहाच्या आधी महिनोन्महिने घेतात, त्यातल्या 'डी' लिहिलेल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये हेच डॉमपेरिडोन असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पट्टी आज वाचून बघा आणि डॉक्टरला विचारा, "ही अजून किती दिवस?"

आधी सुई लागतेच का?

हा प्रश्न आपल्यालाच विचारायला पाहिजे. सुई नाही दिली तर "डॉक्टरला काही येत नाही" म्हणणारे आपणच. साध्या उलटी-जुलाबात पहिलं औषध ओआरएस आहे. एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायचं, थोड्या पाण्यात नाही. लेकराने उलटी केली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत चमच्या-चमच्याने, हळू पाजायचं. पाकीट आशाताईंकडे मिळतं, सोबत लहान मुलांसाठी झिंकच्या गोळ्याही. बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा पाणी टिकतच नाही, तर मात्र दवाखाना गाठायचाच, आणि तिथं सलाईन लागली तर ती घ्यायची.

तीन कामं, आजच करण्यासारखी

एक. प्रत्येक सुईचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. "साहेब, कोणतं इंजेक्शन दिलं ते लिहून द्या," एवढंच म्हणायचं. यात भांडण नाही.

दोन. घरात कुणाला कोणतंही औषध बाधलं असेल तर त्याचं औषधी नाव कागदावर लिहून आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. कंपनीचं नाव दुकानागणिक बदलतं, आतलं औषध तेच राहतं. कंपवात असलेले, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेले आणि किडनीचा आजार असलेले पेशंट यांनी उलटीचं इंजेक्शन घेण्याआधी हे आवर्जून सांगायचं. बाळंतपण-सिझरच्या वेळी सुनेचं-लेकीचं सांगायला विसरू नका.

तीन. रिॲक्शन आली तर कळवा.

ग्रामपंचायतींनी आणि रुग्ण कल्याण समितीनेही एक काम करावं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात उतारा देणारी इंजेक्शनं आणि ॲड्रेनालिन रात्रीसुद्धा हाताशी असतात का, आणि दुष्परिणामाचे फॉर्म ठेवले आहेत का, एवढंच विचारावं. उत्तर लेखी मागावं.

१७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो. त्याच दिवशी जगभर रुग्ण सुरक्षा दिन असतो आणि देशात औषध-दुष्परिणाम नोंदीचा आठवडा सुरू होतो. झेंडावंदनाला गाव जमतंच. यंदा गुरुजींनी, सरपंचांनी किंवा आशाताईंनी दोन मिनिटं घेऊन हा १८००-१८०-३०२४ नंबर शाळेच्या फळ्यावर लिहावा. ज्याच्या पोराची मान कधी रात्री वाकडी होईल, त्याला तो कामाला येईल.