कवीचा गुन्हा, कवितेला शिक्षा

फराळाच्या ताटापुढे भांडण नको, असे आमच्या घरी बजावून सांगतात. पण यंदा मला ते पाळवत नाही. आमच्या आष्टीतल्या चार वाचणाऱ्यांच्या बैठकीत मी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' वाचू या असे सुचविले. लगेच एक वडीलधारे गृहस्थ उसळले, "आणीबाणीची आरती ओवाळणाऱ्याचे काव्य? आणि तेही या गावात?"

'या गावात' म्हणजे काय, ते परगावच्या वाचकांना सांगायला हवे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी इथली माणसे पोलीस ठाण्यावर चालून गेली आणि गोळ्या खाऊन पडली. आजही आमच्या गावाच्या नावापुढे 'शहीद' लागते. तेव्हा सत्तेपुढे वाकणाऱ्याचा संताप आम्हांला यायचाच. शिवाय आरोप खोटा नाही. ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला, १९७६ साली इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' लिहिली. त्याच्या आदल्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोलल्या होत्या. ही तुलना मलाही बोचते.

पण महाराज, 'गोलपिठा' १९७२ चा! पुढे तीन वर्षांनी आलेल्या आणीबाणीचे पाप त्याच्या माथी कसे मारता? मुंबईच्या ज्या गल्ल्यांवरून सभ्य मराठी कविता नाकाला रुमाल लावून गेली, त्या गल्ल्या त्यांच्याच बोलीत या पुस्तकात बोलल्या. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. माणूस नंतर घसरला, म्हणून ते बोलणे खोटे ठरते काय?

चीनमध्ये लू शुनचा धाकटा भाऊ चौ त्सो-रन हा नामांकित निबंधकार. जपानी अंमलात त्याने पेकिंगमध्ये पद घेतले, १९४६ साली त्याला शिक्षा झाली, आणि पुढे कितीतरी वर्षे त्याचे निबंध त्या डागाआड राहिले.

खरे सांगू? गृहस्थांचा संताप मला पुरता पटला असता. पण त्यांच्या कपाटात, आणीबाणीत तोंडाला कुलूप घालून बसलेल्यांच्या कादंबऱ्यांची रांग आहे. तिकडे कधी बोट गेले नाही! आणि ढसाळांचे भक्तही काही कमी नाहीत. ते 'प्रियदर्शिनी'चे नावच गिळून टाकतात.

पुढच्या बैठकीला मी दोन्ही पुस्तके नेणार आहे. आधी 'प्रियदर्शिनी' वाचीन, मग 'गोलपिठा'. गृहस्थांनी पहिल्यानंतर उठून जाऊ नये. चहाची व्यवस्था माझ्याकडे.