शिक्का खरा, पण पैसे भरले का?

बँकेचं किंवा विमा कंपनीचं जाडजूड पाकीट घरी येतं ना, त्याच्या उजव्या कोपऱ्यात कधीकधी तिकिटाऐवजी एक लाल छाप असतो. तारीख, रक्कम आणि मशीनचा नंबर. हा छाप मारणारं यंत्र म्हणजे फ्रँकिंग मशीन, अमेरिकेत त्यालाच पोस्टेज मीटर म्हणतात. "ई-मेलच्या जमान्यात हे कसलं जुनाट खूळ?" असं वाटलं ना? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण क्रिप्टोग्राफीचं इलेक्टिव्ह घेतल्यापासून मला हे यंत्र फार आवडायला लागलंय. कारण आपण "सिक्युअर सिस्टीम" हा शब्द जितक्या सहज वापरतो, तितकी ती गोष्ट सोपी नसते, हे या डब्याइतकं स्वच्छ कुणीच शिकवत नाही. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

अमेरिकन टपाल खात्याने 1920 साली आर्थर पिटनी आणि वॉल्टर बोस यांच्या मीटरला मान्यता दिली. कल्पना झकास होती. मीटरमध्ये दोन काउंटर असतात. एक उतरता, म्हणजे आगाऊ भरलेल्या पैशांपैकी किती उरले. दुसरा चढता, म्हणजे आजवर एकूण किती छापले. छाप मारला की पहिला कमी होतो, दुसरा तेवढाच वाढतो. म्हणजे दोघांची बेरीज, नवीन पैसे भरेपर्यंत, कायम तीच! बेरीज बदलली की समजायचं, कुणीतरी आत बोटं घातली आहेत. शंभर वर्षांपूर्वीचं एरर चेकिंगच म्हणा ना.

पण विचार करा, हे यंत्र ठेवलंय कुठे? गिऱ्हाइकाच्याच टेबलावर. म्हणजे सरकारने पैसे छापायचं यंत्र लोकांच्या ऑफिसात नेऊन ठेवलं आणि वर एक सील लावलं. सील हळूच काढा, दोन्ही काउंटर हिशेबाने मागे फिरवा, बेरीज जशीच्या तशी! तेवढीही खटपट नको असेल तर तसाच छाप दुसरीकडे छापून घ्या. लाल शाईच ती. रंगीत कॉपियर आणि प्रिंटर स्वस्त झाले तसं हे आणखीच सोपं झालं.

म्हणून 1990 च्या दशकात अमेरिकन टपाल खात्याने जुनी यांत्रिक मीटर बाद करायला घेतली. त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात डग टायगर आणि बेनेट यी यांनी मांडलं होतं, की टपालाच्या छापावर डिजिटल सही असावी. पुढे छापाच्या जागी ठिपक्यांचा चौकोनी बारकोड आला. त्यात मीटरचा क्रमांक, रक्कम, तारीख, दोन्ही काउंटरचे आकडे आणि या सगळ्यावर मीटरची डिजिटल सही. सहीची गुप्त किल्ली एका बंद चिपमध्ये, तीही अशी की फोडायला गेलात तर किल्लीच पुसली जाईल. 1999 च्या ऑगस्टमध्ये तर घरच्या कॉम्प्युटरवरून टपाल छापायलाही परवानगी मिळाली. रक्कम बदलली की सही जुळत नाही, किल्ली नसेल तर नवा छाप बनवता येत नाही. झालं की काम! परीक्षेत एवढं लिहिलं तर दहापैकी दहा.

इथेच माझा मुद्दा सुरू होतो. झालेलं नाही!

समजा, आपल्या मेसमध्ये पाहुण्यांसाठी कूपन आहे आणि त्यावर रेक्टर सरांची सही आहे. अशी सही, की जगात कुणालाही हुबेहूब मारता येणार नाही. पण झेरॉक्स तर मारता येते ना? पन्नास झेरॉक्स काढल्या तर पन्नासही जणांच्या हातातली सही सरांचीच आहे! सही सांगते की हे सरांनी लिहिलंय. हे कूपन आज दुपारी एकदा वापरून झालंय, हे सही सांगत नाही. ते फक्त मेसचे मामाच सांगू शकतात, तेही त्यांनी वहीत कूपनचा नंबर टिपला असेल तरच. आणि रविवारी चिकनच्या रांगेत मामा वही उघडतील का?

टपालाचं अगदी तसंच आहे. सॉर्टिंग मशीनमधून तासाला हजारो पाकिटं धावतात. प्रत्येक बारकोड वाचायचा, सही तपासायची, वर हाच छाप आधी येऊन गेलाय का ते शोधायचं, हे सगळं पाकीट पुढे सरकायच्या आत! ते झालं नाही तर जगातलं सगळ्यात भारी क्रिप्टो म्हणजे नुसती रांगोळी.

खोटं वाटतंय? मीटरच्या छापाचा भाऊ म्हणजे पार्सलवरचं बारकोडवालं लेबल. 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका महिलेने कोर्टात गुन्हा कबूल केला. 2020 ते 2023 या काळात 3 कोटी 40 लाखांवर पार्सलं खोट्या लेबलांवर गेली होती. टपाल खात्याचं नुकसान 15 कोटी डॉलरच्या वर! आणि लेबलांत काय होतं? बऱ्याचदा आधीच पाठवून झालेल्या पार्सलांच्या बारकोडमधली माहिती. म्हणजे आपली मेसची झेरॉक्सच की! त्यामुळेच तिथल्या नव्या पद्धतीत मीटर प्रत्येक छापाचा तपशील टपाल खात्याकडे कळवतं. कागदावरचा बारकोड खात्याच्या नोंदीशी जुळला पाहिजे. हुशारी चिपमधून वहीकडे सरकली, असं मी म्हणेन.

आपल्याकडे हा धडा आपण फार महाग शिकलो. तेलगी प्रकरण आठवा (आपण तेव्हा जन्मलो नव्हतो, पण घरी विचारा!). नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसने लिलावात काढलेली यंत्रं मिळवून बनावट मुद्रांक छापले गेले. कागद बघून कुणाला शंका येईना, आणि कागदापलीकडे बघायची सोय नव्हती. 2001 मध्ये तेलगी पकडला गेला, 2007 मध्ये त्याला शिक्षा झाली. आज महाराष्ट्रात ई-एसबीटीआर किंवा ऑनलाइन चलनाचा नंबर सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. कागद कितीही देखणा असो, शेवटचा शब्द नोंदीचा.

आणि आपल्या गेटबाहेरचा चहावाला तर कुठल्याही प्रोफेसरपेक्षा पुढे आहे. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवा, तो बघतसुद्धा नाही. "दादा, आवाज येऊ दे," म्हणतो. साउंडबॉक्स बोलला तर चहा. तुमच्या हातातल्या पुराव्यावर विश्वास नाही, त्याच्याकडे आलेल्या नोंदीवर आहे. डिजिटल सुरक्षेची याहून सोपी व्याख्या मला तरी माहीत नाही.

आता दुसरी बाजूही बघू. प्रत्येक पाकिटाची नोंद ठेवली तर कोण किती पत्रं पाठवतं, हे कुणाला तरी कळणारच. शिवाय अमेरिकेत मीटर विकत मिळत नाही, भाड्यानेच घ्यावं लागतं. मानक बदललं की छोट्या दुकानदारानेही नवीन मशीन घ्यायचं, चूक त्याची नसताना! हे आक्षेप खरे आहेत. म्हणून नोंद गरजेपुरतीच असावी, ठरावीक काळाने पुसावी, आणि नव्या मशीनचा भार सगळा लहान माणसावर पडू नये. पण म्हणून जुनाच डबा चालू ठेवा, हे मला पटत नाही. फुकट्यांचं टपाल शेवटी प्रामाणिक माणसाच्या तिकिटातूनच जातं.

यंदाही फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये "क्यूआर कोड बेस्ड सिक्युअर अमुकतमुक" असतीलच. मजा आहे! पण प्रेझेंटेशनला बसाल तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. हा कोड तपासणार कोण? कधी, माल सुटायच्या आधी की नंतर? आणि तोच कोड दुसऱ्यांदा आला तर काय होणार? समोरचा पहिल्याच प्रश्नाला सरांकडे बघायला लागला, तर ओळखा, शिक्का छान आहे, पण पैसे काही भरलेले नाहीत!