धडधड चालू असतानाचा कागद

तरण्या पोराच्या छातीत धडधडतंय म्हटलं की महाड-पोलादपूरकडे उत्तरं तयार असतात. गॅस झाला असेल, टेन्शन घेत असेल, नाहीतर बाहेरचं काही असेल, भगताला दाखवा. हृदयातल्या विजेची जोडणीच जन्मापासून थोडी वेगळी असू शकते, हे सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. हृदयविकार म्हणजे पन्नाशीतला, बीपी-शुगरवाला माणूस, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या डॉक्टरांनी 1930 साली ज्या अकरा जणांची नोंद छापली, ते मात्र तरुण आणि एरवी ठणठणीत होते. अशांच्या हृदयात वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात वीज जायला एक जादा वाट असते. कधीतरी वीज त्या वाटेने उलटी फिरते, गोल गोल धावू लागते आणि ठोके मिनिटाला दीडशेपासून अडीचशेपर्यंत जातात. बटण दाबल्यासारखं सुरू होतं आणि तसंच बंद होतं. याचीच एक भावकी अशी की तिच्यात झटका ओसरल्यावर काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल येतो.

आपल्याकडे सगळं अडतं ते इथेच. कुडपन किंवा उमरठच्या बाजूने पोलादपूरला उतरायचं म्हणजे आधी वाहन शोधा, मग वळणं मोजा. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत धडधड थांबलेली असते. ईसीजी निघतो, केसपेपरवर ‘नॉर्मल’ पडतं आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पुढच्या वेळी पोरगी छाती धरून बसली की तिला सांगायचं, काही नाही गं, मागेच सगळं काढलंय. हे फक्त आपल्याच डोंगरात घडतं असंही नाही. अमेरिकेत 1997 साली अशा 107 रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखूच आला नव्हता, आणि दोन-तृतीयांश जणांची लक्षणं घबराटीच्या आजाराच्या व्याख्येत चपखल बसत होती. ‘मनाचं आहे’ हा शिक्का पुरुषांपेक्षा बायकांवर जास्त बसला होता. तिथे ही गत, तर ज्या तालुक्यात एसटी चुकली की अर्धा दिवस गेला, तिथलं काय सांगावं?

म्हणून माझी मागणी एकच आहे. धडधड चालू असलेला माणूस कुठल्याही वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात आला तर केसपेपर, रांग, साहेब जेवायला गेलेत, हे सगळं बाजूला ठेवून आधी ईसीजी काढावा आणि त्याची प्रत रुग्णाच्या हातात द्यावी. हातापायांना चार, छातीवर सहा अशा दहा जोडण्या. सराव असलेल्या सिस्टरला पाच मिनिटांचं काम. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. त्यावरचे दोन ठोके दीड मोठ्या चौकोनाच्या अंतराने आले तर गती मिनिटाला दोनशे, हे कुणालाही मोजता येईल. बाकीचं तज्ज्ञ वाचेल. मुंबईत बसलेल्या डॉक्टरला दहा वेळचे नॉर्मल ईसीजी जे सांगणार नाहीत, ते हा एक कागद सांगतो. औषधाचंही त्यावरच ठरतं, कारण जादा वाट असलेल्याच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली असेल तर एरवी धडधडीवर चालणारी काही औषधं उलटतात.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडूनच येईल: दर धडधडणाऱ्याचा ईसीजी काढायचा तर दवाखाना चालवायचा कसा? आक्षेप पोकळ नाही. रक्त कमी असलं, थायरॉइड वाढलं, परीक्षेची भीती बसली, तरी धडधडतं, आणि बहुतेक धडधड निरुपद्रवीच असते. पण ती निरुपद्रवी आहे हे तरी कशावरून सांगणार? त्याच ईसीजीच्या पट्टीवरून. दुसरा आक्षेप, वाचणार कोण? काढणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत; फोटो महाडला किंवा अलिबागला जाऊ शकतो. रेंज नसेल तर दोन तासांनी जाईल. झटका दोन तास थांबणार नाही. रुग्णालाच महाडला न्यायचं म्हटलं, तर वेळेत पोहोचू असं तरी कुठे गृहीत धरता येतं? 2021 च्या जुलैत तळिये गाडलं गेलं, केवनाळे-सुतारवाडीवर दरड आली, तेव्हा रस्ते किती भरवशाचे ते सगळ्यांनीच पाहिलं. तिसरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही: छातीवर जोडण्या लावायला पुरुष कर्मचारी असेल तर मुली ईसीजीलाच नको म्हणतात. तिथे शिकवलेली सिस्टरच हवी.

खरा विरोध मात्र घरातून होईल, आणि मला तो सगळ्यांत समजण्यासारखा वाटतो. हा कागद फाइलला लागला की मुलीचं लग्न जमायचं कसं, मुलाची पोलीस भरती व्हायची कशी, बिरवाडीच्या एमआयडीसीत मेडिकलला काय सांगायचं? भीती खरी आहे. पण या जादा वाटेच्या धडधडीवर इलाज आहे. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन ती वाट जाळतात, आणि शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांचा त्रास त्यात कायमचा जातो. मुंबईत परळच्या केईएमसारख्या पालिकेच्या रुग्णालयात हे होतं. त्याच परळ-लालबागमध्ये आपल्या कितीतरी गावांचे चाकरमानी गावकीच्या खोल्यांत राहून गेले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का, हे विचारायलाही आधी निदानाचा कागद लागतो. लपवलेली धडधड भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर धावताना उठली तर ती कुठली फाइल बघून येणार आहे?

एक अपवाद. धावताना शुद्ध हरपली असेल किंवा घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलं असेल, तर पुढच्या झटक्याची वाट बघत बसू नये. नॉर्मल ईसीजी हातात असला तरी हृदयाच्या डॉक्टरकडे जावं. आणि ज्यांना पट्टी मिळाली आहे त्यांनी तिचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढावा. हा कागद उष्णतेवर छापतो, आपल्या दमट हवेत वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो, आणि जपून ठेवायचा म्हणून लॅमिनेशनला दिला तर मशीनमधून पूर्ण काळा होऊन बाहेर येतो.