'मिसलेनियस'ला रामराम ठोका!

बी.कॉम.ला असाल तर टॅलीचा क्लास एक तर झाला असेल, नाही तर सुट्टीत लावायचं घरी ठरलं असेल. त्या क्लासात काय शिकवतात? कंपनी तयार करा, लेजर उघडा, एफ-५ दाबलं की पेमेंट, एफ-६ दाबलं की रिसीट. महिनाभरात बोटं सराईत होतात. पण लेजर उघडताना मध्येच एक छोटीशी ओळ येते, 'अंडर'. म्हणजे हे खातं कुठल्या गटात ठेवायचं? तिथे बहुतेक जण सर सांगतील तो गट निवडतात. सर जवळ नसले, तर 'इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस' ठोकून पुढे जातात. माझ्या मते अकाउंटिंगमधला खरा विचार त्या एका ओळीत आहे. बाकी बरंचसं टायपिंग आहे.

टॅलीत आधीपासून २८ गट तयार असतात, १५ मुख्य आणि १३ उपगट. तुम्ही खातं कुठल्या गटात टाकता, यावरून तो आकडा ताळेबंदात जाणार की नफा-तोटा पत्रकात, आणि तिथेही कुठल्या ओळीत बसणार, हे सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणजे वर्षअखेरीचा रिपोर्ट कसा दिसणार, हे लेजर उघडतानाच ठरून जातं. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून?

एक साधं गणित करून बघा. समजा, एका बेकरीची महिन्याची विक्री १ लाख रुपये. मैदा, साखर, लोणी ५५ हजारांचं. भट्टीचा गॅस आणि कारागिरांचा पगार २० हजार. दुकानभाडं, फोन, जाहिरात १५ हजार. शिल्लक माल नाही असं धरू. गॅस आणि कारागिरांचा पगार 'डायरेक्ट'मध्ये टाकला, तर ढोबळ नफा २५ हजार. तोच 'इनडायरेक्ट'मध्ये टाकला, तर ढोबळ नफा एकदम ४५ हजार! निव्वळ नफा मात्र दोन्हीकडे १० हजारच. मग बिघडलं काय? बिघडतं ते पुढे. मालक रिपोर्ट बघतो, 'आपल्याला शंभराला ४५ सुटतात' म्हणतो आणि एका हॉटेलला ३० टक्के सवलतीत माल द्यायचं कबूल करतो. प्रत्यक्षात ७५ रुपयांना पडलेला माल तो ७० ला विकतोय. ऑर्डर जितकी मोठी, तितका खड्डा खोल. आणि हा खड्डा खणला कोणी? 'अंडर'ची ओळ न वाचता पुढे गेलेल्या ऑपरेटरने.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ही चूक आरडाओरडा करत नाही. नावे-जमा जुळतं, तेरीज जुळते, स्क्रीनवर लाल अक्षरं येत नाहीत. आकडा बरोबर असतो, फक्त जागा चुकलेली असते.

जागा मुद्दाम चुकवली तर काय होतं, तेही बघा. अमेरिकेतली वर्ल्डकॉम ही अवाढव्य टेलिकॉम कंपनी. दुसऱ्यांचं नेटवर्क वापरण्याचं भाडं हा तिचा रोजचा खर्च. तो तिने भांडवली खर्च म्हणून दाखवला. खर्च मालमत्तेत गेला आणि कागदावर नफा फुगला. सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण टीमने हे शोधून काढलं. जून २००२ मध्ये कंपनीने सुमारे ३८० कोटी डॉलरची ही गडबड जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. पैसे खरंच दिले गेले होते. खोटा होता तो फक्त खर्चाचा खण.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे एवढी मोठी कंपनी चालवायचीय? ठीक. कॉलेजच्या गॅदरिंगचा हिशोब घ्या. छपाई, मंडप, नाश्ता, प्रवास ही झाली खाती, म्हणजे खर्च 'कशावर' झाला. नाटक, क्रीडा, फॅशन शो ही झाली कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च 'कोणासाठी' झाला. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत, तर 'छपाई-नाटक', 'छपाई-क्रीडा', 'नाश्ता-नाटक' अशी खात्यांची जत्रा भरते. आणि नाटकावर एकूण किती गेले, असं प्राचार्यांनी विचारलं की कॅल्क्युलेटर शोधावा लागतो. ज्याचं काही सुचलं नाही ते 'मिसलेनियस'मध्ये. घरातल्या माळ्यासारखं. वर टाकलं की दिसत नाही, पण ओझं छतावर राहतंच.

आता कुणी म्हणेल, 'हे सगळं एआय करेल की!' करेल ना. बँकेच्या नोंदी वाचून गटही सुचवेल. पण ऑनलाइन दुकानाला दिलेले ४० हजार ऑफिसच्या लॅपटॉपचे, विकायला आणलेल्या मालाचे की मालकाच्या घरच्या टीव्हीचे, हे नुसत्या बँकेच्या नोंदीतून त्याला कसं कळणार? पहिली स्थिर मालमत्ता, दुसरी खरेदी, तिसरी मालकाची उचल. एकच रक्कम, तीन खण. फरक ओळखायला धंदा समजावा लागतो. उद्या तुम्हाला पगार मिळेल तो या समजेचा. नुसत्या टायपिंगला फार काळ कोणी पैसे देणार नाही.

म्हणून पुढचं लेजर उघडाल तेव्हा एंटर दाबायच्या आधी स्वतःला विचारा: हा आकडा कोण वाचणार आणि तो बघून काय ठरवणार? मालक, बँक, आयकरवाला, की तुमचे प्राचार्य? उत्तर मिळालं की गट सापडतो. नाही सापडला, तर बिल घेऊन येणाऱ्यालाच विचारा. विचारायला लाजू नका. हिशोबनीस आणि ऑपरेटर यांच्यात फरक आहे तो इथेच.