प्रवासाचा जमाखर्च

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी गावी जाण्याचे बेत सुरू होतात. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रवास निव्वळ सहलीचा नसतो. वृद्ध आईवडिलांची भेट, घरातले एखादे लग्नकार्य, कुलदैवताचे दर्शन, मुलांच्या कानांवर आपली बोली पडावी ही इच्छा, असे अनेक हेतू त्यात असतात. त्यामुळे असा प्रवास टाळता येत नाही. पण तो सहज परवडतो असेही नाही. या दोन्ही गोष्टींमधून वाट काढण्यासाठी माणूस काटकसरीचा आधार घेतो. मात्र काटकसर कशाला म्हणावे, याविषयी आपल्या समाजात पुष्कळ गैरसमज आहेत.

खर्च न करणे म्हणजे काटकसर, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुतः कंजूषपणा आणि काटकसर यांत मूलभूत भेद आहे. कंजूष माणूस आवश्यक खर्चही टाळतो. काटकसरी माणूस आवश्यक काय आणि अनावश्यक काय हे आधी ठरवतो आणि मग अनावश्यक तेवढेच वगळतो. एकाची बचत त्याला आणि त्याच्या माणसांना जाच करते, तर दुसऱ्याची बचत कोणाच्या लक्षातही येत नाही. लांबच्या प्रवासात हा भेद विशेष स्पष्ट दिसतो.

उदाहरणादाखल इंदूरमध्ये राहणारे एक पाच जणांचे कुटुंब घेऊ. पतिपत्नी, दोन मुले आणि आजी. त्यांना स्वतःच्या मोटारीने कोल्हापूरजवळच्या गावी जायचे आहे. धुळे, नाशिक आणि पुणे या मार्गाने हे अंतर साधारण साडेआठशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सतराशे किलोमीटर होते. खर्चाचा विषय निघताच घरात पहिली सूचना बहुधा अशी येते : ‘पहाटे तीनला निघू, रात्रीपर्यंत पोहोचू. वाटेतल्या मुक्कामाचे दीड-दोन हजार रुपये वाचतील.’

ही सूचना ऐकायला शहाणपणाची वाटते. पण तिचा हिशेब मांडून पाहावा. वस्त्या, घाट आणि टोलनाके लक्षात घेता ताशी साठ किलोमीटरची सरासरी मिळाली, तरी साडेआठशे किलोमीटरना चौदा तासांहून अधिक वेळ लागतो. जेवण व विश्रांती धरली की सोळा-सतरा तास होतात. आणि गाडी चालवणारा माणूस एकटाच असतो. प्रवासी व मालवाहू वाहनांवर नोकरी करणाऱ्या चालकांसाठी १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती, तसेच सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक मानली होती. रोज गाडी चालवण्याची सवय असलेल्या माणसाच्या शरीरालाही मर्यादा असते, हे कायदा जाणतो. मग वर्षातून एकदा लांब पल्ल्याला निघणाऱ्या गृहस्थाला ती मर्यादा नसते काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. अतिवेग हे त्यांचे सर्वांत मोठे कारण नोंदवले गेले आहे. थकलेल्या डोळ्यांवर क्षणभर आलेली झापडही तितकीच घातक ठरू शकते. तेव्हा मुक्कामाच्या खर्चात केलेली बचत ही बचत नव्हे. ती जिवाशी केलेली पैज आहे. नाशिक हे ठिकाण या मार्गाच्या जवळजवळ मध्यावर येते. तेथे एक रात्र थांबून प्रवास दोन दिवसांत विभागणे, हाच खऱ्या काटकसरीचा निर्णय होय.

मग पैसे वाचवायचे कोठे? जेथे ते कोणाच्याही उपयोगी न पडता वाया जातात तेथे. पहिले असे ठिकाण म्हणजे इंधन. गाडी लिटरला सतरा किलोमीटर चालते असे धरले, तर सतराशे किलोमीटरसाठी शंभर लिटर पेट्रोल लागेल. लिटरला शंभर रुपये दर धरला तरी हा खर्च दहा हजारांचा होतो. हीच गाडी बेफाम वेगाने, कमी हवेच्या टायरांवर आणि छतावर बोचकी लादून हाकली आणि ती लिटरला चौदाच किलोमीटर चालली, तर सुमारे एकशे एकवीस लिटर पेट्रोल लागेल. म्हणजे एकवीसशे रुपये कोणालाही न कळता धुरात जातील. ज्या मुक्कामाचा खर्च जड वाटत होता, तो या एवढ्या रकमेत सहज भागला असता.

वेगाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ऐंशीऐवजी शंभर किलोमीटर वेगाने गाडी चालवली, तर वेग सव्वापट होतो. पण हवेचा विरोध मात्र दीडपटीहून अधिक होतो. त्याच्या मोबदल्यात काय मिळते? चारशे किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर फार तर एक तास. आणि रस्ता सगळा मोकळा कधीच नसतो. म्हणून निघण्यापूर्वी गाडीची तपासणी करून घेणे, टायर थंड असताना त्यांतील हवा मोजणे, नको असलेले सामान घरीच ठेवणे आणि वेग सारखा राखणे, ही कामे किरकोळ वाटली तरी बचतीचा मोठा भाग त्यांतूनच साधतो. शिवाय त्यातून सुरक्षितताही वाढते. जी बचत सुरक्षितता वाढवते ती खरी, ही एक चांगली कसोटी मानता येईल.

दुसरे ठिकाण म्हणजे अज्ञानाचा दंड. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर चारचाकी वाहनांना फास्टॅग अनिवार्य करण्यात आला आणि तो नसल्यास दुप्पट पथकर घेण्याचा नियम लागू झाला. निघण्यापूर्वी खात्यात पुरेशी रक्कम आहे किंवा नाही, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. न पाहिल्यास नाक्यागणिक भुर्दंड बसू शकतो. सवलतींच्या बाबतीतही डोळसपणा हवा. १५ ऑगस्ट २०२५ रोजी खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती आणि मर्यादा एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या अशी होती. महामार्गावरून वारंवार ये-जा करणाऱ्याला असा पास लाभदायक आहे. परंतु राज्य शासनांच्या अखत्यारीतील रस्त्यांवर तो चालत नाही. वर्षातून एकदाच गावी जाणाऱ्याने आपल्या वाटेवरील नाके व त्यांचा आकार आधी मोजावा आणि मगच तो घ्यावा. सवलत मिळते म्हणून खरेदी करणे आणि गरज आहे म्हणून सवलत घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा विषय खाण्यापिण्याचा. आपल्याकडे शिदोरीची परंपरा जुनी आहे. दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, भाजलेले शेंगदाणे हे पदार्थ प्रवासात टिकतात, पोटालाही बाधत नाहीत. घरून भरून घेतलेल्या पाण्याच्या मोठ्या भांड्यामुळे बाटल्यांचा खर्च वाचतो आणि रस्त्याकडेला कचराही पडत नाही. पाच माणसांची दोन दिवसांची एकेक न्याहारी जरी घरची झाली, तरी मोठी रक्कम वाचते.

परंतु येथे एक प्रश्न विचारायला हवा. ही बचत नेमकी कोणाच्या कष्टांतून होते? घरातील स्त्री आदल्या रात्री उशिरापर्यंत पोळपाटापाशी उभी राहते, पहाटे सर्वांच्या आधी उठते आणि गाडीत बसेपर्यंत थकून जाते. तिचे श्रम वहीत लिहिले जात नाहीत, म्हणून शिदोरी फुकट वाटते. शिदोरी अवश्य असावी; पण ती बांधण्यात घरातल्या प्रत्येकाचा हात असावा. तसेच वाटेत एक वेळचे गरम जेवण खाणावळीत सर्वांनी मिळून घेतले, तर तो उधळेपणा ठरत नाही. स्वच्छतागृहाची सोय नसेल या धास्तीने अनेक स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत. ‘वेळ वाचेल, थांबायला नको’ असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे. दर दोन-अडीच तासांनी थांबणे ही चालकाची जशी गरज आहे, तशीच ती आजीची, मुलांची आणि त्या स्त्रीचीही आहे.

इंदूरहून निघालेल्या वाटसरूच्या मार्गावर धामनोद लागते. तेथून महेश्वर जवळच आहे. याच महेश्वरातून अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार केला. त्यांनी आपल्या राज्याच्या सीमेबाहेरही, काशीपासून सोमनाथापर्यंत, मंदिरे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. सामान्य माणसाचा प्रवास स्वस्त आणि सुखरूप व्हावयाचा असेल, तर केवळ त्याच्या स्वतःच्या काटकसरीने भागत नाही. वाटेवर पाणी आणि निवारा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. आज पेट्रोल पंपांवर पिण्याचे पाणी, टायरसाठी हवा आणि स्वच्छतागृह यांची सोय विनामूल्य असणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ हा दूरध्वनी क्रमांक आहे. या सोयींची माहिती असणे, त्या हक्काने मागणे आणि वापरल्यावर स्वच्छ ठेवणे, हाही काटकसरीचाच भाग आहे. नातेवाइकांकडे उतरणे मात्र फुकटचा मुक्काम समजू नये. तो खर्च नाहीसा होत नाही. तो त्यांच्या वहीत मांडला जातो. त्यांना आधी कळवून, त्यांची सोय पाहून आणि त्यांच्या कामाला हातभार लावूनच तेथे राहावे.

काही जण म्हणतील की मोटारीने जाण्यापेक्षा रेल्वे स्वस्त. या म्हणण्यात तथ्य आहे. गाडीत एक-दोनच माणसे असतील, तर रेल्वे किंवा एसटीची बसच परवडते. पाच माणसे, बरोबर वृद्ध व्यक्ती आणि गावी पोहोचल्यावर आडवळणाच्या वस्तीवर जायचे असेल, तेव्हा मोटारीचा विचार योग्य ठरतो. म्हणजे उत्तर एकच नाही. प्रत्येकाने आपल्या माणसांचा आणि वाटेचा हिशेब स्वतः करावा. दुसरे काही जण म्हणतील की चार दिवस आनंदात घालवायचे, तेथे आकडेमोड कशाला? परंतु प्रवासाचा आनंद चार दिवसांचा असतो आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते वर्षभर चालतात. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आनंदाच्या विरोधात नाही. ती आनंद टिकावा म्हणूनच आहे. संपूर्ण प्रवासाला चोवीस हजार रुपये लागतील असे धरले, तर वर्षभर दरमहा दोन हजार बाजूला काढून तो कर्जाविना घडू शकतो. त्यातील काही रक्कम आजारपण किंवा गाडीतील बिघाड यांसाठी राखून ठेवावी आणि तिला हात लावू नये.

हा हिशेब घरातील कर्त्या माणसाने एकट्याने मांडू नये. मुलांनी अंतरे मोजावीत, आजीने जुने अनुभव सांगावेत, पतिपत्नींनी मिळून खर्चाचे भाग पाडावेत. रोज संध्याकाळी वहीत खर्च लिहिण्याचे काम मुलांकडे दिले, तर पुस्तकातले गणित त्यांच्या हातात येते आणि हट्ट आपोआप कमी होतात. कारण पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे त्यांना दिसू लागते.

प्रवास संपल्यावर किती रुपये वाचले, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याबरोबर आणखी काही प्रश्न विचारले जावेत. सर्व जण सुखरूप पोहोचले का? आजीला त्रास झाला का? घरातील स्त्रीला विश्रांती मिळाली का? डोक्यावर कर्ज तर झाले नाही ना? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तरच वाचलेला पैसा हा खऱ्या अर्थाने जमेच्या बाजूला मांडता येईल.